गावंडे गुरुजींच्या वर्गातली थापड

गावंडे गुरुजींनी मला कधी बोटही लावलं नाही. मलाच काय, वर्गात कोणालाच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना मारकुटे मास्तर म्हणेल, आणि तसे ते नव्हते. धोतर स्वच्छ, बोलणं मऊ, खिशात सुपारीचं खांड आणि अडकित्ता. ते स्वतः मारत नसत. आमच्याकडून मारवून घेत.

पद्धत अशी होती. सकाळची प्रार्थना झाली की पाढे आणि तोंडी प्रश्न. आम्ही गोणपाटाच्या पट्ट्यांवर ओळीनं बसलेले असायचो. गुरुजी एका टोकापासून विचारत यायचे. ज्याला आलं नाही त्यानं उभं राहायचं. उत्तर देणारा सापडला की विचारणं थांबायचं, आणि त्यानं उठून, उभ्या असलेल्या एकेकासमोर जाऊन, डाव्या हाताच्या चिमटीत त्याचं नाक धरून उजव्या हातानं गालावर थापड द्यायची. नाक कशाला, तर मान हलू नये म्हणून. थापड हलकी पडली असं वाटलं तर गुरुजी खिडकीत बसल्या बसल्याच म्हणायचे, "लाड करून राहिली का? परत दे." परतची जोरात द्यावी लागे. तेवढ्या वेळात ते शांतपणे सुपारी कातरत. अडकित्त्याचा कटकट आवाज आणि थापडांचा आवाज असे दोन्ही मिसळून यायचे, आणि आजही कोणी शेजारी बसून सुपारी कातरू लागलं की मी तिथून उठते. घरच्यांना वाटतं, मला सुपारीचा वास सोसत नाही. वाटू दे.

पुढं मी अमरावतीच्या एका वाचनालयात नोकरी केली. तिथं माझ्या वयाची माणसं वर्तमानपत्र वाचायला यायची. कधी शाळेचा विषय निघाला की बरेच जण हसून म्हणायचे, "हो हो, आमच्याकडंही होतं ते नाक धरून मारणं!" हसणारे मारणाऱ्यांपैकी की खाणाऱ्यांपैकी, हे मी कधी विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळतं. मार खाणारे सहसा विषय बदलायचे आणि पान उलटायचे.

त्या पद्धतीनं आम्ही पोरं कशी झालो होतो, ते सांगितलं पाहिजे. हुशार पोरांना हाताची चटक लागली. ज्या शेजाऱ्यासोबत विहिरीवर पोहायला जायचं, त्याचंच नाक धरताना डोळे चमकायचे. ढ पोरं अभ्यास करायच्या ऐवजी ओळीत कुठं बसलं तर हलक्या हाताचा उत्तर देणारा वाट्याला येईल याचा हिशेब करायची. तो हिशेब मात्र त्यांचा कधी चुकत नसे. सकाळी येताना कोणी माझ्या मुठीत गाभुळलेली चिंच कोंबायचं, कोणी बोरं. "मंदा, आज हयू मारजो." हयू म्हणजे हळू. मी हो म्हणायची आणि बोरं खायची. गुरुजींनी 'परत दे' म्हटलं की बोरं देणाऱ्यालाच दोन थापडा पडायच्या. तरी दुसऱ्या दिवशी तो बोरं आणायचाच. माणूस इतक्या लहानपणी लाच द्यायला शिकतो, आणि ती वाया गेली तरी शहाणा होत नाही, हे मी तिथं पाहिलं.

मंदा म्हणजे मीच. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धपुऱ्यात. दोन खणांचं, मातीच्या भिंतींचं, पण आत शिरलं की आधी भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो दिसायचा, आणि त्याच्यावरची काच माय रोज पदरानं पुसायची. बाबा बडनेऱ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करायचे. कापसाचा हंगाम सुरू झाला की मुक्काम तिथंच, आठवड्याच्या सुटीला घरी. ते आले की घरात सरकीचा वास यायचा आणि त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू अडकलेले असायचे. पहाटे वारा तिकडून असला तर बडनेऱ्याच्या गाड्यांच्या शिट्ट्या आमच्यापर्यंत यायच्या. माय चुलीपाशी भाकर थापता थापता म्हणायची, "ऐक, तुह्या बापाची गाडी." बाबांची कुठली गाडी! ते पायी यायचे. पण मायला तसं म्हणायला आवडायचं.

खाणं म्हणजे ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. बाबा आले की तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या. परातीभोवती बसून शेंगा सोलत बाबा माझ्याकडून औटकी म्हणवून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आता तो कोणाला येत नाही आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही. बाबांना लिहिता येत नव्हतं, पण जिनात काट्यावर माप चालू असताना मुनीम जे पुटपुटायचा ते ऐकून ऐकून त्यांनी पावकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ केलं होतं. एक औट साडेतीन, दोन औट सात. मी चुकले की ते शेंग माझ्या कपाळावर हळूच मारायचे आणि आम्ही दोघं हसायचो. शिकणं म्हणजे मला आधी एवढंच माहीत होतं.

गुरुजींचंही चांगलं सांगते. त्यांच्या आधीच्या मास्तरांच्या काळात आमच्या पुऱ्यातली पोरं दारापाशी, चपलांजवळ बसायची. गावंडे गुरुजी आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझा दंड धरला नाही, नुसतं बोटानं दाखवलं आणि म्हणाले, "तिथं कावून बसली? इकडं मधात ये. माह्या वर्गात जात नाही. माह्या वर्गात उत्तर येते का नाही, इतकंच." मी मधोमध जाऊन बसले. त्या दिवसापासून गुरुजी म्हणजे माझा देव, देव मानू नका असं घरात शिकवलेलं असूनही. त्यांच्यासाठी मी पाढे घोकले, कविता घोकल्या. त्यांनी प्रश्न विचारला की माझं अंग आधीच पुढं झुकायचं. मी थापडाही दिल्या, मोठ्या मोठ्या घरच्या पोरांना दिल्या, आणि गुरुजी खिडकीतून म्हणायचे, "शाब्बास."

माझ्या शेजारी पाटलाची शकू बसायची. गोरी, गुबगुबीत, सदा काहीतरी चघळणारी, आणि पाढ्यांच्या नावानं आनंदीआनंद. तिला अभ्यास येत नाही याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. मधल्या सुटीत आम्ही कडुनिंबाखाली बसायचो. तिच्या डब्यात तिळाची चटणी आणि लोणी असायचं. घरी सांगायचं नाही या बोलीवर ती माझी भाकर खायची आणि मी तिची पोळी. मला जन्मात अशी मैत्रीण पुन्हा मिळाली नाही, हे मी साधं सत्य म्हणून लिहिते आहे. गुरुजी शकूला सोपं विचारायचे, आणि सोपंही आलं नाही तर पुढच्याकडे वळायचे. ती उभी राहायची नाही, बसूनच असायची. माझी थापड द्यायची पाळी आली की मी तिला ओलांडून पुढं जायची. सगळ्यांना हे दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिच्या बापाच्या वावरात अर्धं गाव निंदायला, तण काढायला, जात होतं. माझी मायसुद्धा.

बोलला तो न्हाव्याचा किसना. त्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या हातच्या दोन थापडा आधीच खाल्ल्या होत्या, गाल लाल होता. गुरुजींनी अकरा औट विचारलं. ओळीतलं एकेक उभं राहत गेलं. शकूपाशी आल्यावर गुरुजी वळले, तसा किसना म्हणाला, "गुरुजी, शकूले सूट कावून? तुमीच त म्हनता, माह्या वर्गात जात नाही." गुरुजींच्या हातातला अडकित्ता थांबला. आता मला वाटतं, त्या क्षणी ते किसनाला गप्प बस म्हणू शकले असते आणि सगळ्यांचं आयुष्य जसंच्या तसं चाललं असतं. पण त्यांना स्वतःचं वाक्य फार आवडत होतं. ते म्हणाले, "कोनालेच सूट नाही. शकुंतला, उभी राह्य." आणि तोच प्रश्न पुढं माझ्याकडे आला. मी म्हटलं, "साडेअडतीस."

मी ओळीनं थापडा देत आले. शकूपाशी आल्यावर ती माझ्याकडे बघून हसली, जणू आमचा काही खेळ चालला आहे. मी तिचं नाक धरलं आणि गालाला हात टेकवल्यासारखा केला. "लाड नको," गुरुजी म्हणाले. मी पुन्हा हलकेच मारली. "मंदा, म्या काय सांगतलं?" त्यांचा आवाज चढला होता. तो आवाज मला उद्देशून कधीच चढला नव्हता. मी मारली. माझ्या हातातल्या हिरव्या बांगडीचा टवका उडालेला होता, त्याची धार तिच्या गालावरून कानापर्यंत ओढली गेली. बारीक रेघ उमटली आणि रेघेवर रक्ताचे ठिपके आले. शकू रडली नाही. तिनं बोटानं रक्त पुसलं, बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा हसली, पण या वेळी हसू अर्धंच आलं.

संध्याकाळी पाटलाचा सालदार आमच्या दारात आला. आत न येता म्हणाला, "मंदाची माय, बाईनं बलावलं. पोरीलेबी घेऊन ये म्हनलं." मायला तोवर काही माहीत नव्हतं. वाटेनं मी सांगितलं. ती भरभर चालत राहिली, आणि मला तिच्यामागं पळावं लागलं.

पाटलांच्या ओट्यावर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर पाटलीणबाई बसल्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर गावंडे गुरुजी बसून बशीतून चहा पीत होते. त्यांना बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मला वाटलं, सुटलो. गुरुजींनी सांगितलं की झालं. आम्ही अंगणात उभ्या राहिलो. पाटलीणबाई ओरडल्या वगैरे नाहीत. त्या म्हणाल्या, "तशी काई मोठी गोष्ट नाई. पोरं हायेत. पन पोरीची जात हाय, गालाले डाग राह्यला त उद्या लग्नाले लोक पाहाले येतीन, काय सांगाव? तूच सांग." माय म्हणाली, "चुकलं बाई." मी गुरुजींकडे बघत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं ओठ टिपले आणि म्हणाले, "म्या तिले हयूच मार म्हनलं होतं. पोरगी हुशार हाय, पन आडदांड हाय. हात आवरत नाई तिले."

मी "गुरुजी, तुमीच त..." एवढं म्हणाले असेन. मायनं माझ्या दंडाला धरून असा चिमटा काढला की पुढचे शब्द आत गेले. ते शब्द आजतागायत बाहेर आलेले नाहीत. मायनं वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पाटलीणबाई म्हणाल्या, "जाऊ दे. उद्या निंदाले येजो." म्हणजे माफ केलं. दाराआड शकू उभी होती, गालाला हळद लावलेली. तिनं मला हात केला. मी केला नाही.

परत येताना माय वावराच्या बांधावर थांबली. मला वाटलं, आता मारते. तिनं माझ्यासमोर बसून माझे दोन्ही हात धरले. ती म्हणाली, "मंदे, आइक. तुले येत असन तरी सांगू नको. गुरुजीनं इचारलं त नाई येत म्हनजो." मी म्हटलं, "पन मले येते ना माय." ती म्हणाली, "येते त येऊ दे. मनातल्या मनात म्हन. मनातलं कोनाले आयकू येत नाई, कोनी घरी बलावत नाई. अन बापाले हे सांगशीन त माह्या गळ्याची आन हाय. तो जाईन त्या मास्तराची गचांडी धराले, अन मंग गावात राहनं होनार नाई आपलं." मी हो म्हटलं. मायनं डोळे पुसले आणि आम्ही घरी येऊन अंबाडीची भाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मी उभी राहू लागले. पहिल्या वेळी गुरुजींनी मला प्रश्न विचारला आणि मी "नाई येत" म्हटलं, तेव्हा ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना कळलं होतं. कळलं नसतं तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, ओरडले असते. त्यांनी नजर काढून घेतली. किसनानं उत्तर दिलं आणि किसनानं मला थापड मारली, व्याजासकट. पोरांना फार आनंद झाला. हळूहळू गुरुजी माझ्यापाशी आले की वळू लागले, जसे आधी शकूपाशी वळायचे. त्याआधी एकदा शकूला कधी नव्हे ते एक उत्तर आलं. ती माझ्यासमोर आली, नाक धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "तुले येते, मले मालूम हाय. सांग ना वं." तिच्या गालावरची रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी मान खाली घातली. त्यानंतर ती दुसऱ्या पट्टीवर बसायला गेली. मी रागावले नाही. मीही गेले असते.

मनातल्या मनात उत्तर देणं सुरुवातीला फार अवघड जातं. शब्द जिभेवर येऊन बसतो, दातांना आतून धक्के देतो. मग त्याची सवय होते. मग शब्द जिभेपर्यंत येणंच बंद करतो. शेवटी असं होतं की बोलावंसं वाटलं तरी घसा ऐकत नाही, आणि ते कधीपासून झालं हे तुमचं तुम्हालाही सांगता येत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. गेल्या वर्षी माझ्या नातीच्या शाळेतून माझ्या मुलाला बोलावणं आलं. मीही सोबत गेले. गुळगुळीत फरशीची शाळा, भिंतीवर रंगीत फुगे, वर कोपऱ्यात कॅमेरा. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तशी हुशार आहे, पण वर्गात फार बोलते. उत्तर दुसऱ्याला विचारलं तरी हीच देते." मुलगा ओशाळला. मी म्हटलं, "बोलू द्या हो तिला." जरा जोरातच म्हटलं असावं, कारण बाजूचे पालक वळून बघायला लागले. घरी येताना मुलगा म्हणाला, "आई, तू उगाच काय मधे बोललीस?" मला इतका आनंद झाला त्या वाक्याचा! मधे बोलले मी, साठी उलटल्यावर.

तर बाबा. त्यांना वाटलं, पोरीचं डोकं बसलं. शेंगा सोलताना मी औटकी म्हणायची, त्यांच्यासमोर अजून म्हणता येत होतं, पण गुरुजी वाटेत भेटले की सांगायचे, "पोरगी आता लक्ष देत नाई." बाबा मायला विचारायचे, "काय झालं हिले?" माय चुलीत लाकूड सरकवत म्हणायची, "मोठी होऊन राहिली." शेवटी बाबांनी ठरवलं की खेड्याच्या शाळेत काही दम नाही. अकोल्याला जठारपेठेच्या मागं माझी मावशी राहायची, तिचा नवरा सरकारी कचेरीत शिपाई होता. तिच्याकडे मला पाठवलं. पाचवी ते सातवी मी तिथल्या शाळेत काढली.

अकोल्याचा उन्हाळा आमच्या गावापेक्षा वाईट होता आणि मावशीचं घर पत्र्याचं होतं, पण मावशी माया करायची. शाळा तर स्वर्ग होती. तिथं कोणी कोणाला मारत नसे. आमच्या वर्गशिक्षिका आपटे बाई लग्न होऊन पुण्याकडून आलेल्या, पांढऱ्या पातळाच्या, हातात छडी नाही. बाई प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. "विचार कर, घाई नाही," असं म्हणायच्या. मी तिथं आले तेव्हा मला वाटलं होतं, आता बोलेन. बाईंनी पहिल्यांदा मला उभं केलं, काहीतरी सोपं विचारलं आणि हसून थांबल्या. मला उत्तर येत होतं. वर्ग शांत होता, पंखा फिरत होता. माझ्या कानात अडकित्ता वाजायला लागला. बाई थांबल्या होत्या, आणि जितका वेळ त्या थांबत होत्या तितकं माझं नाक कोणी चिमटीत धरल्यासारखं आवळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, बैस बाळ." पुढं पुढं त्यांनी थांबणंही सोडलं. मला त्यांनी खिडकीजवळची शेवटची जागा दिली, वारा येतो म्हणून. त्यात दया होती. दयेविरुद्ध कुठं तक्रार करणार?

पण लिहिता येत होतं. कागदाला नाक नसतं आणि गाल नसतो. पेपरात मी सगळं लिहायची. सातवीच्या सहामाहीत भूगोलात आणि गणितात वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले, आणि त्यानंच घोळ झाला. ती शाळा सातवीपर्यंतच होती. पुढं अमरावतीला मुलींचं एक वसतिगृह होतं, राहणं-जेवण फुकट, हायस्कूल शेजारीच. आमच्या शाळेतून तिथं एका मुलीचं नाव जायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गुणांवरून मंदा तायडे. आपटे बाई म्हणाल्या, ही मुलगी अडीच वर्षांत वर्गात एक अक्षर बोललेली नाही, हिच्या पेपरात हे आलं कुठून? त्यांना वाटलं, मी शेजारच्या मुलीचं बघून लिहिलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी मला एकटीला बोलावून समजावलं, "खरं सांग, मी काही शिक्षा करणार नाही." मी काय सांगणार? मग त्यांनी निरोप धाडून मायला बोलावून घेतलं.

माय पहिल्यांदा अकोल्याला आली. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं. मास्तरणींच्या खोलीत तिला खुर्ची दिली तर ती खाली बसायला लागली. आपटे बाईंनी हाताला धरून तिला खुर्चीवर बसवलं. मग त्या म्हणाल्या, "हे बघा, मुलगी गुणी आहे. माझी इच्छा आहे तिचं नाव पाठवावं. पण पेपर तिचाच आहे हे मला कळायला नको का? मी दोन-तीन प्रश्न विचारते. एकाचं जरी उत्तर दिलं तरी मला पुरे आहे." मुख्याध्यापिका मान हलवत होत्या. बाईंनी विचारलं, तापी कुठून निघते. पूर्णा तिला कुठं मिळते. आपल्या वऱ्हाडातली काळी माती कशापासून झाली. सगळं मला येत होतं, पेपरात लिहिलेलंच होतं. मी टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिले.

माय माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत एकटी तीच होती जिला ठाऊक होतं की मला येतं. ती खुर्चीवरून उठली आणि माझ्याजवळ आली. "मंदे, बोल," ती म्हणाली. "आता बोल. येते ना तुले? बाई चांगली हाय, मारत नाई. आता मीच म्हनतो ना तुले, बोल." तिनं माझी हनुवटी वर केली. मी तोंड उघडलं. आतून नुसता वारा आला. माय बाईंकडे वळून म्हणाली, "तिले येते बाई. माह्या गळ्याची आन, तिले सारं येते." बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "प्रत्येक आईला तसं वाटतंच हो." मायचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे, तिला त्रास देऊ नका," असं म्हणाल्या, आणि ते तिथं संपलं. वसतिगृहात दुसरीचं नाव गेलं. त्या मुलीबद्दल मला काही वाईट वाटत नाही. मी सातवी पास होऊन गावी परत गेले, निंदायला गेले, लग्न झालं, आणि मॅट्रिक बाहेरून दिली ती पोरगा शाळेत जायला लागल्यावर. वाचनालयाची नोकरी लागली तिथंही साहेब म्हणायचे, बाई फार शांत आहेत. वाचनालयात ते गुणात धरतात.

शाळेतून आम्ही मोटार स्टँडवर आलो. मायची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. तिनं गाठोडं सोडलं, भाकर मोडून माझ्या हातात दिली आणि स्वतः तशीच बसली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. आजूबाजूला गर्दी, कंडक्टरांची ओरड, कोणी संत्री विकत होतं. आणि त्या गलक्यात, मी ठरवलं नव्हतं काही, माझ्या तोंडून आलं, "तापी मुलताईहून निघते." माय वळली. मी बोलतच सुटले. पूर्णा तापीला चांगदेवपाशी मिळते. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून आगीचा रस बाहेर आला, तो थंड होऊन खडक झाला आणि तो खडक झिजून काळी माती झाली. जे विचारलं ते आणि जे विचारलं नव्हतं तेही, धडेच्या धडे, जोरात, बाजूचा म्हातारा तोंडातली बिडी काढून बघायला लागला तरी मी थांबले नाही. माय ऐकत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ती एक शब्द सोडत नव्हती.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "ते मातीचं परत सांग." मी परत सांगितलं. "आपल्या वावरातली? ज्यात मी निंदतो ते?" मी हो म्हटलं. "आगीची होय वं ते माती?" ती स्वतःशी म्हणाली आणि आपल्या हातांकडे बघू लागली.

गाडी लागली. मायनं गाठोडं बांधलं, काखेत धरलं, दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "मंग बाईसमोर कावून नाई सांगतलं वं, माय?"

तिनं विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिचा चेहरा असा झाला की बांधावर बसून माझे हात धरले होते तेव्हाही तो तसा नव्हता. ती ओठ घट्ट मिटून माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"मालूम नाई," मी म्हटलं.

कंडक्टर ओरडला. माय गाडीत चढली, खिडकीपाशी बसली, आणि गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.